स्टीलच्या प्लेटमधली भोकं दर वेळी जुळत का नाहीत, आणि काय करायचं

चार भोकांची प्लेट, तीन बोल्ट आरामात बसतात आणि चौथा अडतो. मग गोल कानस घेऊन चौथं भोक ओढायचं, बोल्ट कसाबसा आत ठोकायचा आणि काम झालं म्हणून सोडून द्यायचं, पुढच्या प्लेटला परत तेच. मोटरची माउंटिंग प्लेट असो, बेअरिंग ब्लॉकचा बेस असो किंवा घरी बनवलेल्या एखाद्या जिगची (काम जागेवर धरायच्या साच्याची), तक्रार हीच असते आणि बहुतेकांचा इलाजही एकच असतो, भोक मोठं करा. त्याने त्या दिवसाचं काम भागतं हे खरं, पण नेमकं काय चुकत होतं ते झाकलं जातं आणि म्हणूनच ही कटकट परत परत येते.

मुळात भोकाच्या बाबतीत तीन वेगळ्या गोष्टी बिघडतात. जागा चुकते, माप चुकतं, किंवा भोक तिरकं जातं. तिन्हीत बोल्ट अडतो, त्यामुळे वरवर सगळं सारखंच दिसतं, पण तिघांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. जागा चुकली असेल तर महागातला ड्रिल बिट आणून काही होणार नाही, आणि बिटला वाकडी धार असेल तर मार्किंग कितीही जीव ओतून केलं तरी भोक ढिलंच पडणार. म्हणून ड्रिलला हात लावायच्या आधी बिघडलेली प्लेट समोर घेऊन बसा आणि मोजा.

बिघाड कुठला ते कसं ओळखायचं

पहिली टेस्ट फुकट आहे. भोकं चौकोनात सारख्या अंतरावर असतील तर प्लेट फिरवून बसवून बघा. आधी अडलेला बोल्ट प्लेटच्या त्याच भोकात अडतो का खालच्या पार्टच्या त्याच जागी अडतो? अडचण प्लेटबरोबर फिरली तर प्लेट चुकली, आणि जागच्या जागी राहिली तर खालचा पार्टच चुकलेला आहे, तुम्ही उगाच प्लेटला कानस मारत होतात. प्लेट उलटी केल्यावर अचानक सगळं बसलं तर मार्किंग आरशातल्यासारखं उलटं झालंय, मागच्या बाजूने मार्क करताना हे फार होतं.

मग अंतर. व्हर्नियरने सेंटर ते सेंटर थेट मोजता येत नाही कारण सेंटरला पकडायला धातूच शिल्लक नसतो. व्हर्नियरचे मोठे जबडे दोन्ही भोकांत घालून मधली पट्टी पकडा, ते एक माप. मग वरचे छोटे जबडे दोन्ही भोकांत घालून बाहेरच्या बाजूंना टेकवा, ते दुसरं माप. दोघांची बेरीज करून निम्मी केली की सेंटर ते सेंटर अंतर मिळतं, आणि दोन भोकांचे व्यास एकमेकांपेक्षा थोडे वेगळे असले तरी उत्तर बरोबरच येतं. चार भोकं असतील तर चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. बाजू बरोबर आणि कर्णात फरक, म्हणजे काटकोन चुकलाय, गुण्याकडे बघा.

व्यास मोजताना एक लक्षात असू द्या, व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांची धार जरा सपाट असते त्यामुळे छोटं भोक आहे त्यापेक्षा लहान दिसतं. त्यापेक्षा बिटांच्या मागच्या गुळगुळीत दांड्या वापरा, त्या आधी व्हर्नियरने मोजून घ्या आणि मग भोकात घालून बघा कुठली जाते कुठली अडकते. ८ च्या बिटने पाडलेल्या भोकात ८.३ ची दांडी जात असेल तर जागेचा प्रश्न नंतर, आधी बिटची धार बघा.

तिरकेपणासाठी तेच अंतर प्लेटच्या दोन्ही तोंडांवर मोजा. वर ६०.० आणि खाली ६०.३ येत असेल तर भोकं सरळ नाहीत, विषय संपला. १ अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण २० मिमी जाडीत १ अंशाने खालचं तोंड साधारण ०.३५ मिमी सरकतं. पातळ पत्र्यात हे जाणवतही नाही, जाड प्लेटमध्ये नेमकं हेच नडतं.

किती अचूक हवंय ते आधी ठरवा

इथे बरेच जण उलट्या टोकाला जातात, सगळीकडे मिमीचा शंभरावा भाग गाठायचा अट्टाहास, नाहीतर सगळीकडे 'चालतंय'. बोल्टच्या भोकाला किती मोकळीक द्यायची याचं प्रमाण ठरलेलं आहे, आयएसओ २७३ मध्ये. एम६ ला (म्हणजे ६ मिमीच्या बोल्टला) फाइन ६.४, मीडियम ६.६, ढोबळ कामाला ७. एम८ ला ८.४, ९ आणि १०. एम१० ला १०.५, ११ आणि १२. एम८ च्या बोल्टला ८ च्याच बिटने भोक पाडून 'चारही बोल्ट जात नाहीत' म्हणणारे खूप भेटतात, अहो कसे जातील, मोकळीकच ठेवली नाहीये.

आता यातली गंमत बघा. दोन्ही प्लेटांना एम८ साठी ९ ची आरपार भोकं असतील आणि नट-बोल्ट लावायचा असेल तर दोन भोकं एकमेकांपासून १ मिमीपर्यंत सरकलेली असली तरी बोल्ट जातो. पण खालच्या प्लेटमध्ये आटे पाडलेले असतील तर बोल्ट तिथे जखडलेला असतो, तो हलून जुळवून घेऊ शकत नाही, मग चालणारा फरक एकदम निम्म्यावर येतो, ०.५ मिमी. आणि तो ०.५ दोन्ही प्लेटांच्या चुका मिळून आहे, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला ०.२५. नट-बोल्टवर वर्षानुवर्षं जमणारं मार्किंग टॅप मारलेल्या, म्हणजे आटे पाडलेल्या, प्लेटला एकदम कमी का पडतं याचं उत्तर हेच आहे. तुमचा हात बिघडलेला नसतो, गणित बदललेलं असतं.

आणि बोल्टला जागेची जबाबदारी द्यायची नसते. दोन पार्ट दर वेळी उघडून परत त्याच जागी बसायला हवे असतील तर ते काम डॉवेल पिनचं (भोकात घट्ट बसणाऱ्या गुळगुळीत पिनचं), बोल्टने फक्त दाबून धरायचं. तेव्हा अचूकतेची मेहनत दोन पिनांच्या भोकांवर घ्या आणि बाकीची भोकं निवांत मोकळी ठेवा.

मार्किंग

जागा चुकण्याची बहुतेक प्रकरणं इथेच घडतात, बिट फिरायच्या आधी. मार्कर पेनची रेघच जवळपास १ मिमी जाड असते, तिच्या डाव्या कडेला पंच मारला का उजव्या कडेला यावरच तुमची सगळी मोकळीक खर्च होते. मार्कर वापरायचा तर रंग म्हणून वापरा, ती जागा पूर्ण निळी-काळी करा आणि त्यावर टोकदार स्क्रायबरने (धातूवर रेघ कोरायच्या सुईने) बारीक रेघ ओढा. काळ्या प्लेटवर रोलिंगची पपडी असते तीही आधी घासून काढा, पपडीवर रेघ नीट उमटत नाही आणि पंचही घसरतो.

मापं नेहमी एकाच कडेपासून घ्यायची. पहिल्या भोकापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं अशी साखळी लावली आणि प्रत्येक वेळी ०.२ मिमी त्याच बाजूला चुकलं, तर सहाव्या भोकाला पूर्ण १ मिमीचा घोळ झालेला असतो. एका कडेपासून सगळी मापं घेतली तर प्रत्येक भोकाची चूक त्याची त्याच्यापाशी राहते, पुढे जात नाही. फक्त ती कड सरळ असली पाहिजे. गॅसने किंवा शिअरने कापलेली कड सरळ दिसते, असतेच असं नाही, त्यामुळे एक कड कानस मारून सरळ करा आणि दुसरी तिला काटकोनात, किंवा एवढा कंटाळा असेल तर प्लेटवर दोन आधाररेषा ओढून सगळं त्यांच्यापासून मोजा.

गुण्या तपासायला दुसरा गुण्या लागत नाही. सरळ कडेवरून एक रेघ ओढा, गुण्या पलटी करा, त्याच बिंदूपासून परत रेघ ओढा. दोन रेघा एकावर एक आल्या तर ठीक, वर जाताना फाकल्या तर जेवढ्या फाकल्यात त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

गोलावर सारख्या अंतराने भोकं हवी असतील तर कोनमापक बाजूला ठेवा, डिव्हायडर (दोन टोकदार पायांचा कंपास) घ्या. दोन शेजारच्या भोकांमधलं सरळ अंतर म्हणजे गोलाचा व्यास गुणिले साइन (१८० भागिले भोकांची संख्या). १०० मिमीच्या गोलावर ३ भोकांना ८६.६०, चारांना ७०.७१, पाचांना ५८.७८, सहांना बरोबर ५०, आठांना ३८.२७. डिव्हायडरने चालत चालत शेवटी पहिल्या खुणेवर अचूक परत आलात तर माप बरोबर. नाही आलात तर उरलेला फरक भोकांच्या संख्येने भागून डिव्हायडर तेवढा उघडा किंवा मिटवा आणि परत चाला.

कागदी टेम्प्लेट चिकटवून पंच मारणारेही आहेत, मोकळ्या भोकांना चालतं. पण प्रिंटर गुपचूप 'पानात बसवून' छापतो, त्यामुळे ड्रॉइंगमध्ये एक १०० मिमीची रेघ टाकून ठेवा आणि छापल्यावर ती दोन्ही दिशांना मोजा.

पंच एका दणक्यात मारू नका. आधी बारीक टोकाचा पंच, तो रेघेवरून हलकेच सरकवत न्या, दोन रेघा जिथे छेदतात तिथे टोक अडकल्याचं बोटाला कळतं. तिथे हलकी टिचकी मारा आणि भिंगातून बघा. बाजूला गेलं असेल तर पंच तिरका धरून खड्डा योग्य बाजूला ढकलायचा, परत बघायचं, मग ९० अंशाचा सेंटर पंच सरळ धरून एक पक्का ठोका. भिंग घेऊन बसलं की लोक हसतात, हसू देत. डिव्हायडरने भोकाच्या मापाचं वर्तुळही कोरून ठेवा, ड्रिल करताना बिट कुठे चाललाय ते त्याच्यावरूनच कळतं.

बिट पळतो कशाने

साध्या बिटच्या टोकाला खरं तर टोक नसतंच, दोन धारांच्या मध्ये एक आडवी कड असते आणि ती कापत नाही, घासून धातू बाजूला ढकलते. बिट जेवढा मोठा तेवढी ही कड रुंद. पंचचा खड्डा त्या कडेपेक्षा लहान असेल तर बिट त्या खड्ड्यात बसतच नाही, वरच्या वर नाचतो आणि जिथे पहिली पकड मिळेल तिथून आत शिरतो. म्हणून १० च्या बिटला थेट पंचावर लावायचं नाही.

सर्वात भरवशाचा क्रम म्हणजे आधी आखूड जाड स्पॉट ड्रिल किंवा सेंटर ड्रिल, जे वाकतच नाही, मग पायलट (आधी वाट करून देणारा लहान बिट), मग शेवटचा बिट. पायलट मोठ्या बिटच्या त्या आडव्या कडेएवढा किंवा जरासा मोठा असला की पुरे, १० च्या बिटला साधारण ३ मिमी चालतो. बरेच जण ३, ५, ७, ९ अशा पायऱ्या चढत जातात, त्याने उलट बिटच्या फक्त बाहेरच्या धारा कापतात, बिट खडखडतो, पकडतो आणि भोकाला कोपरे येतात. आणि पायलटच वाकडा गेला असेल तर मोठा बिट निमूटपणे त्याच्याच मागे जाणार, पुढच्या बिटने जागा सुधारेल ही आशा सोडा. १३५ अंशांचे स्प्लिट पॉइंट बिट मिळतात, त्यांच्या टोकाची मधली कडही कापते त्यामुळे ते कमी पळतात, हातातल्या ड्रिलला तर मी दुसरा बिट सुचवणारच नाही.

माप मोठं येत असेल तर धारा बघा. हाताने धार लावलेल्या बिटची एक धार लांब आणि एक आखूड राहिली तर टोक मध्यापासून सरकतं, आणि टोक जेवढं सरकलं त्याच्या साधारण दुप्पट भोक मोठं होतं. ओळखायला सोपं आहे, ड्रिल करताना दोन्ही खाचांतून सारख्या गुंडाळ्या निघतायत का? एकाच बाजूने निघत असेल तर एकच धार काम करतेय. चांगला बिटही आपल्या मापापेक्षा शतांश मिमीत का होईना मोठंच भोक पाडतो, हे गृहीत धरूनच चाला.

स्पीड बहुतेक ठिकाणी जास्तच असतो. हायस्पीड स्टीलच्या बिटला साध्या माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला साधारण २५ मीटर धरा, मग आरपीएम म्हणजे ३१८ गुणिले २५ भागिले बिटचा व्यास. ६ मिमीला १३०० च्या आसपास, १० ला ८००, १२ ला साडेसहाशे. स्टेनलेसला याच्या निम्मं किंवा त्याहून कमी, आणि तिथे दाब सोडून नुसतं घासत बसलात तर तो पृष्ठभाग कडक होऊन बसतो आणि पुढे बिट आत जायलाच तयार होत नाही. दाब सतत, तेल सतत.

ड्रिल प्रेस असूनही चुकतंय

हे जास्त चीड आणणारं. खांबावर फिरणारं टेबल असलेल्या ड्रिल प्रेसवर लोक आखूड सेंटर ड्रिलने सुरुवात करतात, मग लांब बिट लावला की चक (बिट पकडणारा जबडा) आणि प्लेट यांच्यात जागा पुरत नाही म्हणून टेबल खाली घेतात, आणि गोल खांबावर टेबल वर-खाली केलं की ते थोडं फिरतंच. गेली जागा. त्यामुळे सुरुवातीलाच सर्वात लांब बिट लावून टेबलची उंची ठरवा आणि भोक पूर्ण होईपर्यंत त्या टेबलला हात लावू नका. आखूड जातीचे स्टब बिट मिळाले तर दोन प्रश्न एकदम सुटतात, उंचीही भागते आणि बिट वाकतही नाही.

क्लॅम्प आधी घट्ट करून मग बिट खुणेवर आणायचा हा उलटा क्रम आहे. चकमध्ये टोकदार रॉड लावा, मशीन बंद, टोक पंचच्या खड्ड्यात उतरवा, प्लेट ढिली असेल तर ती स्वतःच सरकून जागेवर येते, तसंच दाबून धरून क्लॅम्प आवळा. मग वर घेऊन परत उतरवून बघा, क्लॅम्प आवळताना प्लेट हलते ती इथे पकडली जाते. आणि क्लॅम्प लावायचाच, हाताने धरलेली प्लेट बिट बाहेर निघताना पकडला की पंख्यासारखी फिरते. हातमोजे घालून तर ड्रिल प्रेसवर उभंच राहू नका, डोळ्यांवर गॉगल हवाच.

टेबल काटकोनात आहे का ते बघायला एक जाड तार काटकोनात वाकवून चकमध्ये पकडा आणि चक हाताने फिरवा. तारेचं टोक समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे टेबलला सारखं टेकलं पाहिजे, जिथे फट दिसेल तिथे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून मोजा. मोकळं असताना बरोबर असलेलं टेबल मोठ्या बिटच्या दाबाखाली समोरून झुकतं हेही होतं, तेव्हा टेबलच्या पुढच्या कडेखाली जॅक किंवा ठोकळा लावा. प्लेटखाली अडकलेली एक धातूची चिप सुद्धा भोक तिरकं करायला पुरते, ब्रशने साफ करणं हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त उपाय आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा.

चक डगमगतोय का बघायचं तर सरळ रॉड पकडून त्याला डायल गेज लावा. डायल जास्त हलत असेल तर चक काढून टेपर (चक बसतो तो निमुळता भाग) पुसा, बऱ्याचदा तिथे घाण किंवा बर (धातूची बारीक कोर) अडकलेली असते, लगेच नवीन चक घ्यायला धावू नका.

पत्र्यात भोक तिकोनी होतं

बिट खराब नाहीये. ११८ अंशांच्या १२ च्या बिटचं टोक ३.६ मिमी उंच असतं. पत्रा ३ मिमीचा असेल तर पूर्ण व्यास आत शिरायच्या आधीच टोक खालून बाहेर पडतं, मग बिटला मध्ये धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो डोलत डोलत तीन कोपऱ्यांचं भोक करतो. पत्रा दोन भंगार तुकड्यांच्या मध्ये घट्ट दाबून तिन्हीतून एकदम ड्रिल करा, किंवा सरळ स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांचा शंकूसारखा बिट) वापरा, पातळ पत्र्याला त्याच्याएवढं गोल भोक दुसरं कोणी देत नाही. जाड प्लेटमध्ये मोठं भोक हवं असेल तर होल सॉपेक्षा अॅन्युलर कटर (फक्त कडेने कापणारा पोकळ कटर) कधीही चांगला, फक्त त्याला मॅग्नेटिक ड्रिल किंवा दणकट मशीन लागतं.

मोजायचंच नाही अशी सोय

माझं स्पष्ट मत, घरच्या कामात दोन पार्ट एकमेकांना जुळणं महत्त्वाचं असतं, ड्रॉइंगला जुळणं क्वचितच. ६० च्या जागी ६०.४ आलं आणि दोन्हीकडे ६०.४ च आलं तर कोणाचंही काही बिघडत नाही. म्हणून दोन्ही प्लेटा एकत्र आवळून एकदम ड्रिल करायच्या. पहिलं भोक दोन्हीतून आरपार, लगेच त्यात अंगाबरोबरचा बोल्ट किंवा पिन घालून घट्ट. मग कर्णातलं समोरचं भोक, त्यातही पिन. आता प्लेटा सरकूच शकत नाहीत, उरलेली भोकं बिनधास्त पाडा. नुसत्या क्लॅम्पच्या भरवशावर चारही पाडली तर तिसऱ्या भोकापर्यंत थरथरीने वरची प्लेट सरकलेली असते आणि 'एकत्र ड्रिल करूनही जुळत नाही' असं ऐकायला मिळतं. वेगळ्या करायच्या आधी दोघींच्या कडेवर एकाच कोपऱ्यात पंचचा ठिपका मारून ठेवा, नंतर कुठली बाजू वर होती ते कुणालाच आठवत नाही.

एकीला आटे पाडायचे असतील तर दोन्हीतून आधी टॅपच्या मापाचं भोक पाडायचं, एम६ ला ५.०, एम८ ला ६.८, एम१० ला ८.५, मग वेगळ्या करून एकीला टॅप आणि दुसरीचं भोक मोकळ्या मापाला मोठं.

समोरचा पार्ट तयार असेल, म्हणजे मोटर वगैरे, तर तोच टेम्प्लेट. त्याच्या भोकाच्या मापाचा बिट घालून प्लेटवर नुसता एक छोटा शंकू उमटवा, पूर्ण ड्रिल करू नका नाहीतर मूळ भोकही झिजेल, मग त्या शंकूच्या मध्यावर पंच आणि पायलट. समोर बंद तोंडाची आटे पाडलेली भोकं असतील तर बिनडोक्याचे टोकदार स्क्रू टोक बाहेर करून त्यात फिरवा, सगळे एका उंचीला आणा, प्लेट वर ठेवून एक ठोका मारा. सगळ्या जागा एकदम उमटतात आणि व्हर्नियर काढावाच लागत नाही.

पिन अंगाबरोबर बसायला हवी तिथे बिटवर भरवसा नको, रीमर (पाडलेलं भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) लागतो. ड्रॉइंगवर १० एच७ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ भोक १०.००० ते १०.०१५ मिमी, हे बिटने येत नाही. ९.७ किंवा ९.८ ने ड्रिल करून मग रीमर, ड्रिलच्या निम्म्या स्पीडने किंवा हाताने, तेल घालून, आणि बाहेर काढतानाही पुढच्याच दिशेने फिरवत काढायचा, उलटा फिरवला की धार गेली. रीमर माप सुधारतो, जागा सुधारत नाही, तो आधीच्या भोकामागेच जातो.

बाहेर कापून घेतल्यावर

लेझरने जागा सुंदर येतात. अडचणी वेगळ्याच असतात. प्लेट २५ पट मोठी किंवा लहान आली तर डीएक्सएफ फाइल (ड्रॉइंगची कॉम्प्युटर फाइल) इंच-मिमीच्या गोंधळात उघडली गेलीय, फाइलबरोबर एक एकूण माप लिहून द्या. कर्फची (कापताना जळून जाणाऱ्या रुंदीची) भरपाई कापणारा करतोच, तुम्हीही ड्रॉइंगमध्ये भोक लहान करून दिलंत तर ती दोनदा होते. भोकात एका जागी छोटा उंचवटा येतो, तो कट सुरू-बंद झाल्याचा, पिन अडते ती तिथेच, गोल कानसेचे दोन हात पुरतात. प्लेटच्या जाडीपेक्षा लहान भोक लेझरकडून नीट येईल ही अपेक्षा ठेवू नका.

आणि टॅप तुटणे. उष्णतेने कापलेल्या भोकाची आतली कातडी कडक होते, प्लाझ्मात हवेच्या नायट्रोजनमुळे आणखीच. तिथे थेट टॅप घातला की कट्कन आवाज येतो. आटे पाडायची भोकं १ मिमी किंवा थोडी जास्त लहान कापून घ्या आणि टॅपच्या मापाने ड्रिल करा, बिट कापलेल्या भोकामागे जातो त्यामुळे लेझरची जागाही टिकते आणि कडक थरही निघून जातो. प्लाझ्माची भोकं वर-खाली वेगळ्या मापाची असतात, ती बोल्टला ठीक, अचूक कामाला फक्त पायलट म्हणून धरा. वॉटरजेटला उष्णतेचा प्रश्न नाही, थोडा निमुळतेपणा असतो. प्लेटवर पुढे वेल्डिंग होणार असेल तर महत्त्वाची भोकं वेल्डिंगनंतर पाडा, वेल्ड थंड होताना प्लेट ओढली जाते आणि आधीची सगळी अचूकता वाया जाते.

चुकलेली प्लेट वाचवायची असेल तर

बिटचा शंकू उमटलाय पण पूर्ण व्यास अजून आत गेला नाही आणि कोरलेल्या वर्तुळाच्या मानाने तो एका बाजूला दिसतोय, तेव्हाच थांबा. ज्या बाजूला सरकवायचं त्या बाजूच्या शंकूच्या उतारावर छोट्या गोल छिन्नीने एक-दोन खाचा पाडा, बिट परत लावला की तो खाचेच्या बाजूला ओढला जातो. वर्तुळाच्या मध्यावर आला की पुढे चला. जुने फिटर हे सर्रास करायचे.

भोक पूर्ण पडून गेलं असेल तर वेल्डने भरून परत ड्रिल करणं वाटतं तेवढं सोपं नाही. वेल्ड आणि प्लेट यांचा कडकपणा वेगळा असतो, बिट मऊ बाजूला पळतो आणि नवीन भोकही जागेवरून सरकतं. भरायचंच तर जाड ठोकळ्यात पाडलेलं गाइड वर क्लॅम्प करून त्यातून आखूड बिट घाला. त्याहून बरं म्हणजे जुनं भोक बरंच मोठं करून त्यात लेथवर टर्न केलेला गोल तुकडा घट्ट दाबून बसवायचा आणि त्याच्यात नवीन भोक पाडायचं, पण तुकडा एवढा मोठा हवा की नवीन भोक पूर्ण त्याच्या आत मावेल आणि चारही बाजूंना भिंत उरेल. भोक तुकडा आणि प्लेट यांच्या सांध्यावर आलं तर बिट लागताच तुकडा गरागरा फिरतो. आणि गोल फ्लँजची प्लेट असेल, मधली जागा मोकळी असेल, तर हे काहीच करू नका, सगळी भोकं थोड्या कोनात फिरवून नव्याने मार्क करा आणि जुनी तशीच राहू द्या.